रिॲक्टरच्या पाण्यात फटीग मोजताना तापमान कोणतं धरायचं, आणि कधीचं

फटीगचं, म्हणजे पुन्हापुन्हा ताण बसून धातू थकण्याचं, कॅल्क्युलेशन करायला बसलं आणि पाण्याचा परिणाम धरायची वेळ आली की तापमानाच्या रकान्यात बरेच जण फुल पॉवरचा आकडा टाकतात, पीडब्ल्यूआर (दाबाखाली न उकळणाऱ्या पाण्याचा रिॲक्टर) असेल तर ३२५ अंश सेल्सिअस, बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याचा) असेल तर २८८, आणि पुढे सरकतात. मला हे पटत नाही. फुल पॉवरला शांत चाललेल्या पाइपमध्ये फटीगची भर जवळजवळ पडतच नाही, ती पडते तापमान बदलताना, स्टार्टअप, शटडाउन, ट्रिप (रिॲक्टर अचानक बंद पडणं), थंड पाण्याचं इंजेक्शन अशा वेळी (यांनाच ट्रान्झिएंट म्हणतात), आणि तापमान बदलतंय तर मग त्यातलं कोणतं घ्यायचं हाच तर खरा प्रश्न आहे. तो नीट सोडवला नाही तर उत्तर तिप्पट-चौपट चुकतं, कधी उगाच घाबरवणारं तर कधी उगाच निवांत करणारं. स्ट्रेस ॲनालिसिसमध्ये नवीन असाल किंवा एमटेकला हा विषय घेतला असेल तर पुढचं तुमच्यासाठी.

आधी एफईएन म्हणजे काय ते बघू. एकाच धातूचा एक नमुना खोलीच्या तापमानाला हवेत आणि दुसरा रिॲक्टरच्या गरम पाण्यात तितक्याच स्ट्रेनने (लांबीत होणाऱ्या बदलाच्या प्रमाणाने) पुन्हापुन्हा ताणायचा, हवेतलं आयुष्य भागिले पाण्यातलं आयुष्य केलं की येतो तो एफईएन. तो ५ आला म्हणजे पाण्यात पाचपट लवकर क्रॅक. जपानमध्ये हिगुची आणि इइदा यांनी १९९१ मध्ये ही पद्धत मांडली, अमेरिकेत आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीने वर्षानुवर्षं टेस्ट गोळा करून न्यूरेग सीआर-६९०९ हा रिपोर्ट केला, पहिली आवृत्ती २००७ ची आणि सुधारलेली २०१८ ची. खालची सूत्रं २०१८ च्या आवृत्तीतली आहेत. जुनी एक्सेल शीट कुणाकडून आली असेल तर आधी बघा ती २००७ ची तर नाही ना, कारण स्टेनलेसची तापमानाची सुरुवात तिथे १५० अंशांपासून होती आणि नवीन आवृत्तीत ती १०० वर आली आहे.

स्टेनलेस स्टीलचं सूत्र सोपं आहे. तीन गोष्टी काढायच्या, टी-स्टार (तापमानाचा), ओ-स्टार (ऑक्सिजनचा) आणि स्ट्रेन रेट-स्टार (ताणण्याच्या वेगाचा), तिघांचा गुणाकार करायचा, पुढे उणे चिन्ह लावायचं आणि ई चा तेवढा घात काढायचा. टी-स्टार १०० अंशांच्या खाली शून्य, त्याच्या वर तापमानातून १०० वजा करून २५० ने भागायचं, ३२५ पर्यंत. ओ-स्टार पीडब्ल्यूआरच्या कमी ऑक्सिजनच्या पाण्यात ०.२९. स्ट्रेन रेट-स्टार म्हणजे स्ट्रेन रेटला, तो टक्के प्रति सेकंदात हवा, १० ने भागून नॅचरल लॉग, रेट १० च्या वर असेल तर शून्य आणि ०.०००४ च्या खाली गेला तरी ०.०००४ च धरायचा.

आता आकडे टाकून बघा, त्याशिवाय अंदाज येत नाही. स्ट्रेन रेट ०.००१ टक्के प्रति सेकंद ठेवा आणि फक्त तापमान वाढवत जा. १०० अंशांना एफईएन १, १५० ला १.७, २०० ला २.९, २५० ला ५, ३०० ला ८.५ आणि ३२५ ला ११. म्हणजे या रेटला दर ५० अंशांना साधारण १.७ पट. आणि तापमान नुसतं २५ अंशांनी चुकलं तरी उत्तर तीस टक्क्यांनी हलतं, एवढं लक्षात ठेवलं तर तापमानाचा डेटा किती काळजीने गोळा करायचा ते आपोआप कळतं.

पण आता तेच ३०० अंश ठेवून रेट १ टक्का प्रति सेकंद करा. एफईएन ८.५ वरून थेट १.७ वर येतो! तापमान तेच, पाणी तेच, धातू तोच. कारण पाण्याला वेळ लागतो. धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, स्ट्रेनने तो फाटतो, उघड्या पडलेल्या धातूशी पाणी रिॲक्शन करतं, हायड्रोजन तयार होऊन आत शिरू शकतो, कार्बन स्टीलमध्ये मँगनीज सल्फाइडचे कण विरघळून क्रॅकच्या टोकाशी सल्फाइड जमतं. स्टेनलेसमध्ये यातलं नेमकं कोण किती जबाबदार यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. पण तापमान वाढलं की ही सगळी कामं जोरात चालतात, आणि जोरात चालली तरी त्यांना मिनिटं हवी असतात, सेकंदाच्या आत सगळं उरकलं तर पाण्याला करण्यासारखं फार उरत नाही. म्हणून तापमानाचा आकडा कधीच एकटा वाचू नका, शेजारी स्ट्रेन रेट लिहिलेला हवाच.

तिसरी गोष्ट स्ट्रेन किती मोठा. स्टेनलेसमध्ये स्ट्रेन ॲम्प्लिट्यूड (एकूण चढउताराचा अर्धा) ०.१० टक्के किंवा कमी असेल तर एफईएन १ धरतात, कार्बन आणि लो अलॉय स्टीलमध्ये ही रेषा ०.०७ टक्के. आणि इथे तापमान दुसऱ्या दाराने परत आत येतं, कारण रिॲक्टरच्या पाइपिंगमध्ये बराचसा स्ट्रेन तापमानानेच तयार केलेला असतो. तापलेल्या तव्यावर पाणी ओतलं की वरचा थर आकसू बघतो आणि खालचा गरम भाग त्याला आकसू देत नाही, पाइपच्या आतल्या पृष्ठभागाचं तेच होतं. अगदी झटक्याने पाणी थंड झालं तर पृष्ठभागावरचा स्ट्रेन काढायला प्रसरण गुणांक गुणिले तापमानातला फरक, भागिले एक वजा पॉयसन रेशो. स्टेनलेसला गुणांक १७ मायक्रोस्ट्रेन प्रति अंश, पॉयसन ०.३ आणि फरक १०० अंश घेतला तर ०.२४ टक्के येतं, म्हणजे ॲम्प्लिट्यूड ०.१२, रेषेच्या जरा वर. फरक ८० अंश घेतला तर ०.०९७, रेषेच्या जरा खाली. हा हिशोब सगळ्यात वाईट, पूर्ण अडवलेल्या झटक्याचा आहे, प्रत्यक्षात थोडा कमीच येतो, पण कुठल्या ट्रान्झिएंटकडे बघायचं आणि कुठला बाजूला ठेवायचा हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवायला पुरतो.

आता तिन्ही एकत्र ठेवा. झटपट कोल्ड शॉक असेल तर स्ट्रेन मोठा पण रेटही मोठा, एफईएन कमी. तासाला ५५ अंशांनी चालणारा हीटअप असेल तर रेट एवढा कमी की ०.०००४ च्या तळाला टेकतो, ३०० अंशांना एफईएन १० च्या वर जातो, पण जाडीत तापमानाचा फरक फारसा पडत नाही म्हणून स्ट्रेन बारीक. दोन्हीकडे एक बाजू वाचवते. भीती वाटावी अशी जागा ती, जिथे गरम, हळू आणि मोठा हे तिन्ही एकदम येतात, आणि अशी जागा बऱ्याचदा स्ट्रॅटिफिकेशनची असते. आडव्या पाइपमध्ये वर गरम पाणी आणि खाली थंड, मिसळतच नाही, फ्लो कमी असला की तासन्तास तसंच.

हे नुसतं पुस्तकी नाही. १९७९ च्या मे महिन्यात अमेरिकेत डी. सी. कुक युनिट २ ला स्टीम जनरेटरच्या नोझलजवळ फीडवॉटर लाइन क्रॅक होऊन गळली, कार्बन स्टील, मग तिथल्या अणुनियामक संस्थेने, एनआरसीने, बुलेटिन ७९-१३ काढून सगळ्यांना तपासायला लावलं तर इतर प्लांटमध्येही क्रॅक निघाले, कारण कमी फ्लोला होणारं स्ट्रॅटिफिकेशन. डिसेंबर १९८७ मध्ये फार्ले युनिट २ ला सेफ्टी इंजेक्शनच्या लाइनमध्ये बंद व्हॉल्व्हमधून थंड पाणी झिरपत राहिलं आणि पाइप गळला, पुढच्या वर्षी बेल्जियममध्ये तिहांज १ ला तसंच. प्रेशरायझरच्या (रिॲक्टरचा दाब टिकवणाऱ्या टाकीच्या) सर्ज लाइनसाठी १९८८ चं बुलेटिन ८८-११ आहे, हीटअपच्या वेळी प्रेशरायझर आणि लूप यांच्या तापमानात शंभर-दीडशे अंशांचा फरक असू शकतो आणि ती लाइन दोघांच्या मधे आडवी पडलेली असते. यातल्या बहुतेक जागांवर मूळ डिझाइनमध्ये असा ट्रान्झिएंट धरलेलाच नव्हता. त्यामुळे एफईएन काढण्याआधी ट्रान्झिएंटची यादी पूर्ण आहे का हे बघा, सूत्र कितीही चांगलं असलं तरी यादीत नसलेल्या गोष्टीला ते गुणू शकत नाही.

तर मग बदलत्या तापमानात कोणतं तापमान धरायचं?

पहिला नियम, ज्या वेळात पृष्ठभागावरचा स्ट्रेन वाढतोय, म्हणजे ओढीच्या दिशेने चाललाय, तेवढाच वेळ मोजायचा. दाबला जात असताना क्रॅक मिटतो, पाण्याचं काम तिथे धरत नाहीत. पण ओढीच्या दिशेने म्हणजे फक्त शून्याच्या वर असं समजू नका. उणे ०.१५ वरून शून्याकडे येणं हीसुद्धा वाढच. हीटअपमध्ये आतला पृष्ठभाग दाबला जातो आणि हीटअप थांबून भिंत सगळीकडे सारखी तापली की तो दाब सुटतो, तो सुटण्याचा काळ मोजायचा, आणि तेव्हा धातू गरमच असतो. कोल्ड शॉकमध्ये उलटं, ओढ येते ती तापमान उतरत असताना. स्ट्रॅटिफाइड पाइपमध्ये तर वरच्या आणि खालच्या बाजूचं घड्याळच वेगळं चालतं, खालची थंड बाजू थर जमताना ओढली जाते आणि वरची गरम बाजू थर मोडताना. एकाच सेक्शनला वर आणि खाली एकच तापमान लावलेले रिपोर्ट मी बघितलेत, कृपया असं करू नका.

दुसरा नियम सरासरीचा. तापमान साधारण सरळ रेषेत बदलत असेल तर कमाल आणि किमान यांची सरासरी चालते, पण किमान जर थ्रेशोल्डच्या, म्हणजे ज्याच्या खाली तापमानाचा परिणाम बदलत नाही त्या अंशाच्या, खाली असेल तर किमानऐवजी थ्रेशोल्ड घ्यायचा. स्टेनलेसला १०० अंश, कार्बन आणि लो अलॉय स्टीलला १५०. उदाहरण घ्या, स्टेनलेस, ३० ते ३०० अंश, रेट ०.००१. साधी सरासरी १६५ येते आणि एफईएन २. बरोबर सरासरी १०० आणि ३०० ची, म्हणजे २००, आणि एफईएन २.९. कमाल धरून चाललात तर ८.५. तीन माणसं, एकच ट्रान्झिएंट, तीन उत्तरं, आणि पहिलं उत्तर धोक्याच्या बाजूला चुकलेलं.

थ्रेशोल्ड का घ्यायचा ते पटत नसेल तर तुकडे पाडून करून बघा. स्ट्रेन वाढण्याचा काळ छोट्या तुकड्यांत कापा, प्रत्येक तुकड्याला त्याचं तापमान आणि त्याचा रेट देऊन एफईएन काढा, त्या तुकड्यातल्या स्ट्रेनच्या वाढीने गुणा, सगळ्यांची बेरीज करून एकूण स्ट्रेनने भागा. याला मॉडिफाइड रेट अप्रोच म्हणतात. वरच्याच उदाहरणात स्ट्रेन आणि तापमान एकत्र सरळ रेषेत वाढतात असं धरून केलं तर २.८५ येतं, सरासरीवाल्या २.९ च्या अगदी शेजारी. म्हणजे तो नियम हवेतून आलेला नाही. पण ट्रान्झिएंट वेडावाकडा असेल, आधी झटका मग लांब शेपटी असा, तर सरासरीवर विसंबू नका, तुकडेच पाडा. आजकाल फायनाइट एलिमेंटमधून टाइम हिस्टरी मिळतेच, मग कंजूसपणा कशाला.

तिसरी गोष्ट, तापमान कशाचं? पाणी ज्या पृष्ठभागाला लागलंय त्या धातूचं, आतल्या बाजूचं. नळीत मधोमध वाहणाऱ्या पाण्याचं नाही आणि इन्सुलेशनखाली बाहेरून चिकटवलेल्या थर्मोकपलचं तर नाहीच. मिक्सिंग टी असेल, गरम आणि थंड पाणी भेटतं ती जागा, तिथे आतला पृष्ठभाग भराभर गरम-थंड होत राहतो आणि बाहेरच्या थर्मोकपलला भिंतीच्या जाडीमुळे यातलं जवळजवळ काही दिसत नाही, तो आपला सरळ रेष दाखवत बसतो. फ्रान्समध्ये सिव्हो १ ला १२ मे १९९८ रोजी रेसिड्युअल हीट रिमूव्हलच्या (बंद रिॲक्टरची उरलेली उष्णता काढण्याच्या) लाइनमध्ये अशाच मिक्सिंगच्या जागी एल्बो फुटला, तासाला साधारण ३० घनमीटर पाणी गेलं, आणि रिॲक्टर सुरू होऊन वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. तिथला दोष थर्मल फटीगचा होता, भराभर येणाऱ्या सायकलचा, आणि अशा ठिकाणी एफईएन मोठा नसला तरी सायकलच इतक्या होतात की पाइप टिकत नाही. म्हणून मिक्सिंग टीचा विषय एफईएन लावून मिटवू नका, तिथे मिक्सिंग होण्याची पद्धतच बदलावी लागते.

कार्बन आणि लो अलॉय स्टीलचं थोडं वेगळं आहे. तिथे ऑक्सिजन आणि स्टीलमधला सल्फर हे दोघं तापमानाचा हात धरून येतात. टी-स्टार १५० च्या खाली शून्य होत नाही, ०.३९५ वर थांबतो, त्याच्या वर तापमानातून ७५ वजा करून १९० ने भागायचं. सल्फर ०.०१५ टक्के, रेट ०.००१ आणि २९० अंश घेतले तर ऑक्सिजन ०.०४ पीपीएमच्या खाली असताना एफईएन साधारण ४, आणि ऑक्सिजन ०.२ पीपीएम, म्हणजे पाण्यात हायड्रोजन न मिसळता चालणाऱ्या बीडब्ल्यूआरसारखं पाणी केलं तर १९! तेच पाणी १५० अंशांपर्यंत थंड केलं तर २.८, पण १ नाही. थंड आहे म्हणून सोडून दिलं असं इथे चालत नाही. स्टेनलेसमध्ये मात्र ऑक्सिजनचं गणित उलटं, ऑक्सिजन ०.१ पीपीएम किंवा जास्त असेल आणि स्टील सेन्सिटाइझ (उष्णतेने कणांच्या कडांवरचं क्रोमियम कमी) झालेलं नसेल तर ओ-स्टार ०.२९ वरून ०.१४ वर उतरतो, एफईएन कमी होतो. कार्बन स्टीलची सवय लागलेल्या माणसाला हे चुकल्यासारखं वाटतं पण टेस्ट तेच सांगतात. आपल्याकडे तारापूरला १९६९ पासूनचे दोन बीडब्ल्यूआर आहेत आणि शेजारीच ५४० मेगावॉटचे दोन पीएचडब्ल्यूआर (जड पाण्याचे रिॲक्टर), एकाच आवारात पाण्याच्या दोन वेगळ्या केमिस्ट्री, आणि पीएचडब्ल्यूआरमध्ये फीडर पाइप कार्बन स्टीलचे. तिथल्या कामाचा विचार करताना पीडब्ल्यूआरसाठी बनवलेली शीट जशीच्या तशी उचलता येणार नाही हे उघड आहे, ऑक्सिजन आणि तापमान दोन्ही रकाने नव्याने भरावे लागतील.

लॅबमध्ये टेस्ट करणाऱ्यांसाठीही दोन शब्द. ऑटोक्लेव्हच्या (टेस्टच्या दाबाच्या भांड्याच्या) भिंतीवरचं तापमान लिहू नका, नमुन्याच्या गेज भागाजवळचं लिहा. पाणी तापल्यावर लगेच सायकल सुरू करू नका, तापमान आणि ऑक्सिजन दोन्ही स्थिर होऊ द्या. आणि आयुष्य कशाला म्हणताय ते स्पष्ट करा, सहसा लोड २५ टक्क्यांनी पडला की फेल धरतात, कुणी वेगळं धरलं असेल तर दोन टेस्टची तुलना करता येत नाही. पोकळ नमुन्यात पाणी आतून वाहतं, ते सोपं पडतं, पण त्याचा निकाल भरीव नमुन्याशी थेट जोडायच्या आधी विचार करा.

क्रॅक आधीच पडला असेल तर हा सगळा एफईएनचा खेळ संपतो आणि क्रॅक ग्रोथचा सुरू होतो. पीडब्ल्यूआरच्या पाण्यातल्या स्टेनलेससाठी एएसएमईची (अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेची) कोड केस एन-८०९ आहे, तिथे तापमानाची वेगळी टर्म, लोड चढायला लागणाऱ्या वेळाची वेगळी टर्म. एफईएन त्याला लावायचा नाही, दोन्ही वेगळे हिशोब आहेत.

शेवटी बेरीज. प्रत्येक लोड पेअरचं (एक सायकल बनवणाऱ्या दोन टोकांच्या स्थितींचं) हवेतलं युसेज, म्हणजे आयुष्याचा खर्च झालेला हिस्सा, काढा, त्याला त्याच पेअरच्या एफईएनने गुणा आणि मग बेरीज करा, ती १ च्या आत हवी. सगळ्यात मोठा एफईएन काढून एकूण युसेजला एकदाच गुणणं सुरक्षित आहे पण मग कुठला ट्रान्झिएंट खरा त्रास देतोय ते दिसत नाही, आणि ऑपरेशनवाल्यांना काय बदला हे सांगता येत नाही. हवेतली फटीग कर्व्ह (किती स्ट्रेसला किती सायकल) कोणती हेही बघा, स्टेनलेसची एएसएमईची डिझाइन कर्व्ह २००९ मध्ये बदलली आहे, जुन्या कर्व्हवर नवा एफईएन लावू नका. आणि रिपोर्टमध्ये प्रत्येक पेअरच्या पुढे चार आकडे लिहा, ओढ सुरू होतानाचं तापमान, संपतानाचं तापमान, त्याला लागलेले सेकंद आणि स्ट्रेन ॲम्प्लिट्यूड, म्हणजे दहा वर्षांनी लायसन्स वाढवायच्या वेळी जो कोणी ती फाइल उघडेल त्याला सूत्र बदललं तरी पुन्हा मोजता येईल.